पाळी आली नाही, मुलगी अंगावर पिते, तरी दिवस राहू शकतात का?

रानजाई
मुलगी सात महिन्यांची झाली. सिझर झालं होतं. अजून पाळी आलेली नाही. गेल्या महिन्यापासून तिला नाचणीची पेज आणि मऊ भात सुरू केलाय, रात्री सलग सहा-सात तास झोपते. परवापासून मला सकाळी मळमळतंय. सासूबाई म्हणतात, अंगावर पाजतेस तोवर काही होत नाही, त्यांना दोन वर्षं काही झालं नव्हतं. नवऱ्याने मागच्या महिन्यात दोनदा आय-पिल (संबंधानंतर घ्यायची गोळी) आणून दिली, ती घेतली. बाकी काही वापरत नाही. टाके तपासायला गेले तेव्हा नवरा आणि सासूबाई दोघंही आत आले होते, बाळाचं सगळं विचारून झालं, माझं विचारायचं राहून गेलं. चिपळूणजवळच्या गावात राहते. कुणाला माहीत असेल तर सांगा.

निवृत्त_नर्स
राहू शकतात गं. मी तेहतीस वर्षं उपकेंद्रात आणि मग ग्रामीण रुग्णालयात काढली, लातूरकडे. या एकाच गैरसमजापायी वर्षाच्या आत दुसऱ्यांदा पोटुशी राहिलेल्या किती बायका माझ्यासमोर रडल्या, मोजल्या नाहीत.

तुझ्या सासूबाई खोटं सांगत नाहीत. अंगावर पाजण्याने दिवस लांबतात, ही मान्य झालेली पद्धत आहे. पण तिच्या तीन अटी आहेत. बाळ सहा महिन्यांच्या आतलं हवं. त्याला वरचं काहीही नको, पाणीसुद्धा नको, आणि रात्रीही पाजणं चालू हवं. आणि पाळी आलेली नसावी. तिन्ही पाळल्या तर शंभरातल्या अठ्ठ्याण्णव जणी निभावतात. तुझ्या पहिल्या दोन्ही अटी सुटल्या आहेत.

आता मुद्द्याचं ऐक. पाळी नंतर येते, अंडं आधी सुटतं. बाळंतपणानंतरचं पहिलं अंडं सुटलं की साधारण दोन आठवड्यांनी पहिली पाळी येते. ते अंडं सुटण्याच्या आसपास संबंध आला आणि गर्भ धरला तर ती पाळी येतच नाही, सरळ दिवस राहतात. म्हणजे पाळीची वाट बघून सावध व्हायचं म्हटलं तर उशीर झालेला असतो.

उद्या सकाळी आशाताईंकडून 'निश्चय' किट घे, फुकट असतं. सकाळची पहिली लघवी. नकारात्मक आलं तरी निर्धास्त होऊ नकोस. शेवटच्या संबंधानंतर एकवीस दिवसांनी पुन्हा कर, तेव्हाचा निकाल धरायचा. मध्ये निरोध वापरा.

तळेगावकर
आय-पिल घेतली असेल तर कसे राहतील? ७२ तासांत घेतली की झालं ना?

वारणाकाठ
मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, कोल्हापूर भागात प्रॅक्टिस करते. नर्सताईंनी लिहिलंय ते तंतोतंत बरोबर.

आय-पिलबद्दल: ती गोळी अंडं सुटणं पुढे ढकलते. अंडं सुटून गेलेलं असेल तर तिचा उपयोग जवळजवळ नाही. म्हणून ७२ तास ही शेवटची मुदत समजा, जितकी लवकर तितकी चांगली. दुसरं, ती झालेल्या संबंधापुरती असते. गोळी घेतल्यानंतर चार दिवसांनी संबंध आला तर तिचं संरक्षण नाही, उलट पुढे ढकललेलं अंडं नेमकं तेव्हा सुटू शकतं. महिन्यात दोनदा घेतल्याने विषबाधा वगैरे होत नाही, दुधालाही अपाय नाही, आणि दिवस राहिलेलेच असतील तर गर्भालाही त्रास नाही. पण नेहमीची पद्धत म्हणून ती फार कमकुवत आहे. संबंधानंतर पाच दिवसांच्या आत तांबी (कॉपर-टी) बसवली तर ती आय-पिलपेक्षा जास्त खात्रीची, आणि पुढची काही वर्षंही सांभाळते.

रानजाई, एक विचारते. डोकं दुखतं का कधी? रक्तदाब वाढला होता का बाळंतपणात? गोळ्यांचा विचार करण्याआधी हे कळायला हवं.

रानजाई
रक्तदाब नव्हता. डोकं दुखतं, कॉलेजपासून. आधी डोळ्यांपुढे वीस मिनिटं नागमोडी चमकत राहतं, मग अर्धं डोकं ठणकतं. हे मी कधी कुणाला सांगितलं नाही, डोकेदुखीत काय सांगायचं असं वाटायचं.

वारणाकाठ
सांगितलंस ते फार बरं झालं. डोळ्यांपुढे असं चमकून मग डोकं दुखत असेल तर माला-एन, माला-डी किंवा दुकानातल्या कुठल्याही दोन हार्मोनच्या गोळ्या तुझ्यासाठी नाहीत. त्यातल्या इस्ट्रोजेनमुळे अशा बायकांना पक्षाघाताचा धोका वाढतो. कुणीही 'घे गं, मी घेते' म्हणून पाकीट दिलं तरी घेऊ नकोस. पस्तिशीच्या पुढे तंबाखू ओढणाऱ्या, रक्तदाब असलेल्या, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ होऊन गेलेल्या बायकांनीही नाही.

तुला तांबी चालेल, अंतरा इंजेक्शन चालेल, छाया गोळी चालेल, निरोध तर आहेच.

सईची_आई
तांबी नको गं बाई. माझ्या आतेबहिणीने बसवली, काढल्यावर चार वर्षं मूल नाही. आमच्याकडे म्हणतात ती वर चढते, काळजापर्यंत जाते.

निवृत्त_नर्स
सईची आई, तुमची भीती मी हजारदा ऐकली आहे आणि ती मी कधीच हसण्यावारी नेली नाही. माझ्या टेबलाच्या खणात मी एक तांबी ठेवायचे, पाकिटातून काढलेली. बाई घाबरली की तिच्या तळहातावर ठेवायचे. इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचा पांढरा प्लॅस्टिकचा तुकडा, तीनेक सेंटिमीटरचा, करंगळीच्या दोन पेरांएवढा. दांडीवर केसासारखी तांब्याची तार गुंडाळलेली. खाली दोन मऊ दोरे. बायका ती वाकवून बघायच्या, सोडली की परत सरळ व्हायची. 'एवढीशीच?' असं हमखास विचारायच्या. मग मी मूठ वळून दाखवायचे: गर्भपिशवी अशी, वरून बंद, नाशपातीएवढी. तिच्यातून काळजाकडे वाट नाही.

होतं काय तेही सांगते, कारण लपवलं की बाई पुढच्या वेळी विश्वास ठेवत नाही. पहिले दोन-तीन महिने पाळीत रक्त जास्त जातं आणि ओटीपोटात कळा येतात. क्वचित तांबी आपोआप निसटून बाहेर येते, बहुधा पहिल्या काही महिन्यांतच. म्हणून पाळी झाली की स्वच्छ बोटाने दोरे लागतात का बघायचं. दोरे लागेनासे झाले, ताप आला, किंवा घाण वासाचं पाणी जाऊ लागलं, की तडक दाखवायचं. ३८०-ए नावाची तांबी दहा वर्षं चालते, ३७५ पाच वर्षं. काढली की लगेच दिवस राहू शकतात. तुमच्या आतेबहिणीचं कारण दुसरं असणार. तिची आणि तिच्या नवऱ्याचीही तपासणी झाली होती का?

वारणाकाठ
एक जोडते. तांबी पिशवीच्या भिंतीत घुसण्याचा प्रकार अगदी विरळ, आणि तो बहुधा बसवतानाच होतो. अंगावर पाजणाऱ्या बाईत हा धोका किंचित जास्त असतो, कारण पिशवी मऊ असते. म्हणून रानजाई, नेहमी तांबी बसवणाऱ्या हाताकडूनच बसवून घे आणि तू पाजतेस हे आधी सांग. खरं तर बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आतच तांबी बसवता येते, सिझरमध्ये तर टाके घालण्याआधीच. नववा महिना लागला की हा प्रश्न विचारून ठेवावा. प्रसूतीच्या कळांत कुणाला सुचत नाही.

मोगरा_पुणे
अंतराबद्दल लिहा ना. माझ्या कामवाल्या मावशींच्या मुलीला दिलं, तिची पाळीच बंद झाली. घरचे म्हणतात घाण रक्त आत साठतंय.

निवृत्त_नर्स
साठत नाही. अंतराने पिशवीचं अस्तर पातळ राहतं, गळायला काही तयारच होत नाही, म्हणून पाळी येत नाही. सुरुवातीला कधीही थोडं थोडं डाग लागतात, वर्षभरात साधारण निम्म्याजणींची पाळी थांबते. हे इंजेक्शन देण्याआधीच सांगायला हवं. ज्यांना सांगितलेलं नसतं त्या दुसऱ्या डोसला येत नाहीत, आणि मग दिवस राहतात.

दर तीन महिन्यांनी घ्यायचं. टोचलेली जागा चोळायची नाही, शेकायची नाही. बंद केल्यावर पाळी आणि दिवस राहणं सुरळीत व्हायला शेवटच्या इंजेक्शनपासून सात ते दहा महिने लागतात, म्हणून वर्षभरात मूल हवंय अशा मुलीला मी दुसरं काही सुचवायचे.

छाया गोळीबद्दल कुणी विचारलं नाही, पण ती मला फार आवडते. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेली, आपल्या देशातली. तिच्यात हार्मोन नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, समजा रविवार आणि बुधवार, मग फक्त रविवारी. पाजणाऱ्या आईला चालते. पाळी लांबते, तेवढं लक्षात ठेवायचं. एक बाई गोळीचं पाकीट देवघरात ठेवायची, रविवारच्या पूजेबरोबर गोळी. तिची कधी चुकली नाही. मात्र पीसीओडी (अंडाशयात बारीक गाठी होण्याचा त्रास) किंवा यकृताचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

तळेगावकर
माझ्या बहिणीचा अनुभव. दिवस राहिले, मूल नको होतं, पहिलं जेमतेम वर्षाचं. ज्या दवाखान्यात गेलो तिथे म्हणाले नवऱ्याची सही आणा. मेहुणे जहाजावर असतात. तीन आठवडे त्यातच गेले. कायद्यात खरंच असं आहे?

वारणाकाठ
नाही. हे मी मोठ्या अक्षरांत लिहायला हवं. १९७१ च्या गर्भपात कायद्यानुसार सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची, सासऱ्याची, वडिलांची, कुणाचीही सही लागत नाही. अठरा वर्षांखालील मुलीसाठी पालकांची लागते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, आणि ठरावीक परिस्थितीतल्या स्त्रियांसाठी दोघांच्या मताने २४ आठवड्यांपर्यंत. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रीलाही त्यात धरलं. कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनलाही जोडीदाराची सही शासनाच्या नियमांत लागत नाही. अनेक दवाखाने भांडण नको म्हणून मागतात. ते चूक आहे, आणि त्यात जे आठवडे जातात ते बाईच्या अंगावर निघतात.

आणखी एक. औषधाच्या दुकानातून गर्भपाताच्या गोळ्या आणून घरात घेणं थांबवा. गोळ्या चांगल्याच आहेत, नऊ आठवड्यांपर्यंत डॉक्टरांच्या देखरेखीखाली उत्तम काम करतात. पण आधी गर्भ पिशवीतच आहे ना, नळीत नाही ना, हे पाहावं लागतं. नळीत असेल तर गोळ्यांनी काही होत नाही आणि नळी फुटू शकते. दोन तास ओळीने दर तासाला दोन पॅड पूर्ण भिजत असतील तर सकाळची वाट पाहू नका, १०८ ला फोन करा.

नारळीपाक
मी पुरुष आहे, चालेल ना इथे लिहिलेलं? दोन मुलींनंतर बायकोचं ऑपरेशन ठरलं होतं. तिची दोन सिझर झालेली. डॉक्टरांनीच विचारलं, तुमचं का नको? मला उत्तर देता आलं नाही. बिनटाक्याची नसबंदी करून घेतली. भूल फक्त तेवढ्या जागेची. पंधरा-वीस मिनिटांत बाहेर आलो, दोन दिवस घट्ट लंगोट, आठवडाभर ओझं उचललं नाही. तीन महिने निरोध वापरला, मग वीर्य तपासलं, शुक्राणू नाहीत असा कागद आला तेव्हा निरोध बंद केला. हा तपास बरेच जण टाळतात, टाळू नका. ताकद, इच्छा, काही कमी झालं नाही. घरी आईला सांगायला मात्र सहा महिने लागले.

निवृत्त_नर्स
नारळीपाक, जरूर लिहा. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या विवाहित जोडप्यांमध्ये बाईचं ऑपरेशन ३७.९ टक्के, पुरुषाचं ०.३ टक्के. माझ्या सगळ्या नोकरीत नसबंदीला स्वतःहून आलेले पुरुष मला नावानिशी आठवतात, इतके थोडे.

उसाचा_फड
मी बीडची. आईबापाबरोबर कारखान्यावर वाढले, आता नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आईची पिशवी बत्तिसाव्या वर्षी काढली. तक्रार काय, तर अंगावरून पांढरं जायचं आणि कंबर दुखायची. डॉक्टर म्हणाले ठेवली तर कॅन्सर होईल. उचल घेऊन पैसे भरले. महिन्यात परत फडावर. आता ती चव्वेचाळीसची आहे, हाडं दुखतात, रात्री घामाने भिजते, म्हातारी दिसते. २०१९ मध्ये सरकारने समिती नेमली, तिच्या पाहणीत बीडमधल्या ऊसतोड करणाऱ्या १३ हजारांहून जास्त बायकांची पिशवी काढलेली निघाली. मला एवढंच विचारायचंय, आईला तेव्हा दुसरं काही करता आलं असतं का?

वारणाकाठ
हो, बाळा. जवळजवळ नक्कीच.

पांढरं जाणं हा बहुतेक वेळा आजारच नसतो. पाळीच्या मधल्या दिवसांत, गरोदरपणात, अंड्याच्या पांढऱ्यासारखं चिकट पाणी जाणं हे शरीराचं रोजचं काम आहे. दह्याच्या चोथ्यासारखं आणि प्रचंड खाज, हा बुरशीचा संसर्ग. मासळीसारखा वास आणि करडं पातळ पाणी, हा जिवाणूंचा. हिरवट-पिवळं, फेसाळ, हा जोडीदाराकडून येणारा, त्यात दोघांनाही औषध लागतं. तिन्हींना थोड्या दिवसांचं औषध पुरतं. आणि दिवसभर वाकून ऊस तोडणाऱ्या, डोक्यावर मोळ्या वाहणाऱ्या बाईची कंबर पांढऱ्या पाण्याने दुखत नाही, कामाने दुखते.

पिशवीबरोबर अंडाशयंही काढली असतील तर पाळी जाण्याचे सगळे त्रास एकदम सुरू होतात, हाडं ठिसूळ होतात. आईला घेऊन जा आणि हाडांची तपासणी, कॅल्शियम, डी जीवनसत्त्व हे आताही विचार. बरंच काही अजून करता येतं.

कॅन्सरची भीती घालून पिशवी काढायची गरज नसते, कारण पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होण्याच्या कितीतरी वर्षं आधी ओळखता येतो. हे सिद्ध करणारं जगातलं एक मोठं काम तुमच्या शेजारच्याच जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, झालं. सव्वा लाखाहून जास्त खेड्यातल्या बायका त्यात होत्या, निष्कर्ष २००९ साली आले. हा कॅन्सर ज्याच्यामुळे होतो त्या एचपीव्ही विषाणूची एकदाच चाचणी केलेल्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्मे झाले. तिशीनंतर प्रत्येक बाईने तपासणी करावी. सरकारी दवाखान्यात पिशवीच्या तोंडाला पातळ आम्लाचं, व्हिनेगरसारखं पाणी लावून बघतात, पाच मिनिटांचं काम. मुलींना नऊ ते चौदा वयात या विषाणूची लस. आणि पाळी कायमची गेल्यावर एक थेंब जरी रक्त दिसलं तरी त्याच आठवड्यात दाखवायचं.

उसाचा_फड
आईला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही. रात्री म्हणाली, शनिवारी सुट्टी आहे का तुला, जाऊन येऊ.

जुना_वाचक
धागा पहिल्यापासून वाचतोय. १९२१ मध्ये रघुनाथ कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, त्यात वाचकांचे असेच प्रश्न आणि उत्तरं असायची. १९३४ मध्ये त्या उत्तरांवरून त्यांच्यावर खटला झाला तेव्हा बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. ज्यांनी इथे मनापासून लिहिलं त्यांना नमस्कार.

शुभ्रा_न्यूजर्सी
पुढच्या वर्षी दुसऱ्याचा विचार आहे, आधी काय करायचं? आईने आत्तापासून पपई बंद करायला सांगितलीय.

निवृत्त_नर्स
पपई खा, पिकलेली. कच्ची दिवस राहिल्यावर टाळ. आजपासून फॉलिक अ‍ॅसिड सुरू कर, ४०० मायक्रोग्रॅम, बाळाच्या पाठीचा कणा घडतो तेव्हा बऱ्याचजणींना दिवस राहिल्याचं कळलेलंही नसतं. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर बघून घे. रक्तगट निगेटिव्ह असेल तर डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांग. लोहाची गोळी चहाबरोबर किंवा कॅल्शियमबरोबर घ्यायची नाही, लिंबूपाण्याबरोबर घ्यायची. इथल्या बहिणींसाठी: दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी असते.

रानजाई
महिन्याने लिहितेय. दोन्ही वेळा नकारात्मक आलं. मळमळ उपाशी राहण्याने होती, मुलगी उठायच्या आत कामं उरकायच्या नादात मी दुपारपर्यंत खातच नव्हते.

पण मला दुसरंच सांगायचंय. मी हा धागा मोठ्याने वाचत होते, सासूबाई लसूण सोलत होत्या. पिशवीचा विषय आला तेव्हा त्यांचे हात थांबले. म्हणाल्या, 'अंग बाहेर येतं त्याला काय करतात, ते विचार त्या नर्सबाईंना.' मी विचारलं कुणाचं? म्हणाल्या, माझं. अकरा वर्षं झाली.

आमच्या मागच्या दारी दोरीवर, इतर कपड्यांच्या खाली, जुन्या मऊ लुगड्याचे चौकोनी तुकडे वाळत असतात. लग्न होऊन आले तेव्हापासून मी ते पाहतेय. मला वाटायचं स्वयंपाकघरातली फडकी आहेत.

निवृत्त_नर्स
त्यांना माझा नमस्कार सांग आणि सांग की हे फार बायकांना होतं. पिशवीला धरून ठेवणारे स्नायू सैल पडतात आणि ती खाली सरकते. लागोपाठची बाळंतपणं, खूप वेळ कळा देणं, बाळंतपणानंतर ओल्या अंगाने पाण्याच्या घागरी उचलणं, जुना खोकला, बद्धकोष्ठ, कशानेही.

थोडं खाली उतरलेलं असेल तर लघवी रोखताना आवळतो तो भाग आवळून दहा आकडे धरायचा आणि सोडायचा, दिवसातून तीन वेळा दहा-दहादा. जास्त असेल तर मऊ रबरी रिंग बसवतात, मापाची मिळते, काही महिन्यांनी काढून धुऊन परत बसवायची. ऑपरेशनही आहे आणि पिशवी ठेवूनही करता येतं. अंगाला जखम असेल, रक्त लागत असेल किंवा लघवी अडकत असेल तर थांबू नका. तू त्यांच्याबरोबर जा, पण आत त्यांना एकटीने बोलायचं असेल तर बाहेर बस.

रानजाई
मंगळवारी जाऊन आलो. खिडकीवर त्यांनी विचारलं, पेशंट कोण? दोन केसपेपर काढले. सासूबाई आधी आत गेल्या, मी मुलीला घेऊन बाकावर बसले. पंचवीस मिनिटं लागली. रिंग बसवलीय, तीन महिन्यांनी बोलावलंय. मग मी मुलगी त्यांच्या मांडीवर दिली आणि आत गेले. मला ३७५ बसवली. कळ आली ती मोठी खोकल्याची उबळ थांबावी इतक्यात ओसरली. डोळ्यांपुढच्या चमकण्याचंही सांगितलं, डॉक्टरांनी लाल पेनाने केसपेपरवर लिहून ठेवलं.

येताना एसटीत सासूबाई उभ्या राहिल्या होत्या, गर्दी होती. मी जागा देऊ केली तर नको म्हणाल्या.